समोरची जागा

"पाय वर घ्या, आपा. अजून. गुडघा पार पोटाला टेकवा."

"टेकतोय कुठं, पोरी. मधी पोट हाय की."

"असू द्या. दाबून घ्या, त्ये काय रागवत न्हाई."

"अन् ह्यो डाक्टर माझ्या मागं काय करतोय?"

"त्यो त्याचं काम करतोय. तुमी माझ्याकडं बघा. कुठल्या गावच्या?"

"नदीच्या पल्याडच्या. आगं, वारा भरतोय पोटात. सुटंल की."

"सुटू द्या. ह्या खोलीत त्यालाच मान हाय."

म्हातारी हसली आणि हसता हसता तिचं पोट सैल पडलं. तेवढ्यात शारशेन डॉक्टरांनी नळी वीतभर पुढं सारली. म्हातारीला कळलंसुद्धा नाही.

आक-केचूच्या दवाखान्यात ही खोली मागल्या अंगाला आहे, नदीकडं एक खिडकी असलेली. पाटीवर कोलोनोस्कोपी लिहिलंय, पण गाव तिला नळीची खोलीच म्हणतं, आणि तेही आवाज खाली करून. भूल द्यायला इथं कुणी नाही. भूल पाहिजे असेल तर घाट ओलांडून राजधानीला, बिश्केकला जा. इथं येईल त्यानं जागेपणीच सोसायचं, आणि ते सोसण्याजोगं करायचं काम नर्स कानिशायचं.

डॉक्टर माणसाच्या पाठीशी, कानिशाय समोर. मधे कुशीवर निजलेला माणूस, अंगावर चादर, कमरेला मागून फट ठेवलेली चड्डी. त्या चड्ड्या तिनंच जुन्या चादरी फाडून शिवल्या होत्या, म्हणजे माणसाला उघडं पडल्यागत वाटू नये. समोर उभं राहून ती माणसाचं तोंड बघायची. कपाळाला आठी पडली की नळी कुठल्या वळणाशी अडली ते तिला उमगायचं, पडद्यावर डॉक्टरांना दिसायचं तसंच. डॉक्टर नुसतं "वळव" म्हणायचे. मग ती एक हात खांद्याला आणि एक हात ढुंगणाच्या हाडाला लावून डाव्या कुशीवरच्या माणसाला पाठीवर आणायची, उजवा पाय डाव्यावर टाकायची, बेंबीखाली तळवा ठेवून बेतानं रेटायची. कधी पाठीवरून उजव्या कुशीवर. आतडं म्हणजे काही ताणून बांधलेली दोरी नव्हे. माणूस कूस बदलतो तसं आत तेही कूस बदलतं. वारा वर चढतो, पाणी खाली बसतं, मिटलेलं वळण उघडतं. जिथं रेटून रेटून नळी जात नव्हती तिथून ती आपसूक घसरते, आणि दात खाऊन पडलेला माणूस विचारतो, थांबलात का म्हणून.

सगळ्या खोऱ्यातली माणसं तिनं अशी वळवली. मेंढपाळ, मास्तरणी, ट्रकवाले, एक मुल्लासुद्धा. एका माणसासमोर मात्र ती पहिल्या खेपेला उभी राहिली नाही. तो तिचा सासरा. त्याच्या पोटात काय आहे ते वेळेवर कळतं तर माणूस वाचता, आणि ते कळणं न कळणं तिच्या दोन हातांवर होतं.

सासऱ्याचं नाव तेमिरकूल. हे आम्ही सांगतो. तिनं ते कधी तोंडातून काढलं नाही. आमच्यात सून सासरच्या थोरांचं नाव घेत नाही, आणि नावात जो शब्द असेल तोही टाळते. तेमिर म्हणजे लोखंड. म्हणून लग्न झाल्या दिवसापासून कानिशाय लोखंडाला 'ते काळं' म्हणायची. घोड्याचा नाल काळ्याचा, खिळा काळ्याचा, कढईही काळ्याची. बाजारात दुकानदार हसायचे, पण समजायचे. सासऱ्याकडं पाठ करून ती खोलीतनं बाहेर गेली नाही, त्याच्याकडं तोंड करून समोर बसली नाही. चहाचा पेला द्यायचा तो बाजूनं, नजर दस्तरखानावर, जेवणाला अंथरलेल्या कापडावर ठेवून.

तेमिरकूल घोड्यांचा माणूस. बोलणं कमी, पाय बाकदार, भुवया जाड लोकरी नमद्याच्या तुकड्यासारख्या. कानिशायला नर्सिंग शिकायला जायचं होतं तेव्हा सासू उलकान आडवी आली होती.

"सून शाळंत गेली तर गाई कोण पिळणार? मी का त्यो कुत्रा?" म्हणाली.

सकाळी अंगणात तेमिरकूलनं दोन घोडी खोगीर घालून उभी केली आणि नुसतं "चल" म्हणाला. तो पुढं, सून मागं, मोटारीच्या रस्त्यापर्यंत. मोटार आली तेव्हा त्यानं उकडलेल्या मांसाचं गाठोडं तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "नीट शीक. अर्धं शिकून येऊ नगंस." पुढं कित्येक वर्षं त्यानं तिच्याशी बोललेलं सगळ्यांत लांब वाक्य ते हेच. सुट्टीत घरी आली की गाई पिळलेल्या असायच्या. कोण पिळायचं, हे उलकाननं कुणाला सांगितलं नाही, पण तिचे स्वतःचे हात संधिवातानं वाकडे झालेले होते.

तर हा माणूस एका वसंतात घोड्यावर चढताना धोंड्यावर पाय द्यायला लागला. मग धोंड्यावर चढताना थांबायला लागला. चेहरा शिळ्या चरबीसारखा. कानिशायचा नवरा जोलदोश रशियात बांधकामावर. फोनवर तो म्हणाला, "म्हातारपण हाय, दुसरं काय." कानिशायला ते म्हातारपण वाटेना. तिनं रक्त तपासायला लावलं. रक्त फार कमी. शारशेन डॉक्टर म्हणाले, रक्त कुठंतरी आत झिरपतंय, नळी घालून बघायला पाहिजे.

तयारी घरात कानिशायनंच केली. मांस बंद, नान बंद, कुमीस बंद. नुसता गाळलेला शोर्पो, म्हणजे मांसाचा रस्सा, मग तोही बंद, आणि वर ते जुलाबाचं खारट पाणी, पेल्यावर पेला.

"मांस न्हाई, नान न्हाई, घोडीचं दूध न्हाई," पडद्याआड तेमिरकूल बायकोला म्हणाला. "ह्यो उपास हाय तरी कुणाच्या नावाचा?"

"तुमच्या बुडाच्या नावाचा. प्या गुमान."

"घोड्याला तरी पाजायच्या आधी कोन इचारतं का, की ह्ये खारट कशापायी?"

"घोडं तुमच्यापरीस शाणं असतंय."

कानिशाय चुलीपाशी तोंडात डोईच्या रुमालाचं टोक धरून हसत होती. ते हसणं तिला पुढं फार दिवस आठवत राहिलं.

दुपारी गोठ्यात उलकान तिच्याजवळ आली.

"तू त्या खोलीत ऱ्हाणार न्हाईस न्हवं?"

"न्हाई, आत्याबाई. मेदेरला सांगितलंया."

"हां. न्हाईतर लोकं म्हणतील, सुनंनं सासऱ्याच्या पोटावर हात फिरवला. मला बाजारात तोंड दाखवाय नगं."

मेदेर प्लास्टरच्या खोलीतला मदतनीस. दांडगा गडी, जत्रेत कुस्त्या मारायचा, मनानं लोण्यासारखा. कानिशायला तो एजे म्हणायचा, थोरली बहीण. तिनं त्याला बोळात गाठून सांगितलं, "पाय पोटाशी धर. डाक्टर म्हणतील तवा वळव."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण समोर उभं राहून काय करायचं असतं हे तिनं कुणाला कधी दाखवलंच नव्हतं. ती रजेवर गेली की शारशेन डॉक्टर नळीचे रोगी पुढं ढकलायचे, आणि हे तिला आवडायचं. आपल्यावाचून अडतंय हे कुणाला आवडत नाही? शिकवायला कुणी मागितलं तर ती म्हणायची, हे शिकवून येत नाही. येत होतं. तिला द्यायचं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनीही एकदा म्हणून बघितलं.

"तूच ऱ्हा की, कानिशाय. अंगावर चादर असती. मागली बाजू माझ्याकडं. तुला दिसणार काय, तर त्यांचं तोंड."

"त्येच तर बघायचं नसतंय, डाक्टर."

शारशेन डॉक्टरांच्या घरातही सून होती. त्यांनी मेदेरला हाक मारली.

कानिशाय बाहेर बाकावर बसली. घडीवरची सगळ्यांत चांगली चड्डी तिनं वर काढून ठेवली होती. सासऱ्यानं डोक्यावरचा कालपाक काढायला नकार दिला, तसाच निजला, हे तिला आतल्या आवाजावरून कळलं.

"आजोबा, हलू नका," मेदेर म्हणाला.

मग पलंग करकरला. मेदेरनं धरलं म्हणजे खरंच धरलं. लोकर कापताना मेंढा धरतात तसं, एक हात मानगुटीवर, एक मांड्यांवर, छातीचा भार वरून. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हातारा हलला तर आत इजा होईल, या भ्यानं तो धरून होता. पण तेमिरकूलनं जन्मभर घोडी धरलेली. दाबून धरलेलं जनावर काय करतं हे तो जाणत होता, आणि आता तोच ते करत होता. त्यानं अंगाचं लाकूड केलं.

"वळव," डॉक्टरांचा आवाज आला.

"वळत न्हाईत, डाक्टर."

"आजोबा, पोट सैल सोडा. श्वास घ्या."

म्हाताऱ्याचा आवाज नाही. ओरडणं नाही, कण्हणं नाही. ओरडतो त्याचा श्वास तरी चाललेला असतो. जो गप्प पडतो तो श्वास कोंडून पडतो, आणि कोंडलेल्या पोटात नळी नुसती गुंडाळत जाते, आतडं ताणत जाते. अशा वेळी काय करायचं ते तिच्या हातांना पाठ होतं. खांद्यावरचा भार काढायचा. कानाशी वाकून काहीतरी विचारायचं, कशाबद्दलही, घोडीबद्दल, गवताबद्दल. माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि श्वास सुटतो. मग वळवायचं.

ती उठली. दारावर हात ठेवला. दार नुसतं लोटलेलं होतं. बोळाच्या टोकाला औषधाच्या खिडकीपाशी गावातल्या दोन बायका उभ्या होत्या आणि इकडंच बघत होत्या. कानिशायनं हात काढून घेतला आणि परत बाकावर बसली.

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले, कपाळ पुसत.

"डाव्या बाजूच्या वरच्या वळणापातूर गेलो. फुडं जाऊ दिलं न्हाई त्यांनी. बघितलं तेवढं साफ हाय. फुडल्या महिन्यात परत बघू, न्हाईतर बिश्केकला न्या, भूल दिऊन करतील."

तेमिरकूल मागून येत होता, एका हातानं भिंत धरून. त्याच्या कानांनी त्या सगळ्यातलं 'साफ हाय' एवढंच घेतलं. आणि तो सुनेसमोरून, प्रथमच, मान खाली घालून गेला.

घरी पडद्याआडून कानिशायला ऐकू आलं.

"मेंढा कापताना तरी आपण बिस्मिल्ला म्हणतो," तो बायकोला म्हणत होता. "मला नुसतं दाबलं."

"साफ हाय म्हणाला न्हवं डाक्टर?"

"म्हणाला. परत त्या खोलीचं नाव काढायचं न्हाई ह्या घरात."

आणि ते नाव निघालं नाही. उलकान शेजारणींना सांगत सुटली की आमच्या म्हाताऱ्याचं आतडं धुतलेल्या तांब्यासारखं आहे. कानिशाय बाजूला उभी राहून चहा ओतायची. 'अर्धंच बघितलंय, आत्याबाई,' एवढंच म्हणायचं होतं. मोठ्यांच्या बोलण्यात सून बोलत नाही. खरं म्हणजे तेवढंच कारण नव्हतं. बोलली असती तर पुढला सवाल आला असता, की अर्धं का राहिलं.

डॉक्टरांनी रक्तासाठी लोखंडाच्या गोळ्या दिल्या होत्या. कानिशाय त्यांनाही 'काळ्याच्या गोळ्या' म्हणायची आणि रोज पेल्यासोबत ठेवायची. गोळ्यांनी तोंडावर रंग आला. म्हातारा उन्हाळ्यात जायलूवर गेला, वरच्या कुरणात, घोड्यांबरोबर. परत आला तो उन्हानं रापून. सगळ्यांनी म्हटलं, बघा. शारशेन डॉक्टर बोळात भेटले की विचारायचे, "कवा आणतीस म्हाताऱ्याला?" ती म्हणायची, "बघते." मग तेही विचारायचे थांबले. रोगी काय कमी होते?

पुढल्या वर्षीच्या शरदात, घोडी खाली उतरवून झाल्यावर, तेमिरकूल अंगणात आला आणि सुनेच्या बाजूला उभा राहिला. दोघांची नजर गोठ्याकडं.

"सूनबाई."

"जी, मामंजी."

"उजव्या अंगाला गाठ लागतीया हाताला. जेवान जात न्हाई." जरा थांबून तो म्हणाला, "नळी घालायची तर घालू. पर त्या पैलवानाला भाईर ठिव."

कानिशाय आत गेली. उलकान लोकर पिंजत बसली होती.

"आत्याबाई, ह्या खेपंला मी उभी ऱ्हाणार."

उलकाननं मान वर केली नाही. वाकड्या बोटांनी लोकर ओढत राहिली. मग म्हणाली, "मला कशाला सांगतीस? जा. अन् त्याला थंडी वाजू दिऊ नगं."

त्या दिवशी कानिशाय समोर उभी राहिली. तेमिरकूल डाव्या कुशीवर निजला, गुडघे पोटाशी घेऊन. कालपाक तिनं काढून घेतला आणि त्याच्या उशापाशी ठेवला. मग तिनं सासऱ्याचं तोंड बघितलं. एवढी वर्षं एका छपराखाली काढून तिनं ते कधी समोरून बघितलं नव्हतं. भुवईखाली जुना व्रण होता, घोड्याच्या लाथेचा असावा. डोळे तिला वाटत होते तसे काळे नव्हते, पिंगट होते, जोलदोशच्या डोळ्यांसारखे. तोही तिच्याकडं बघत होता. दोघांनाही नजर कुठं ठेवावी कळेना.

"मामंजी," ती म्हणाली, "ती कबरी घोडी औंदा गाभण ऱ्हायली का?"

"न्हाई. गेल्या साली बी न्हाई." त्याचा श्वास सुटला. डॉक्टरांनी नळी सरकवली. "विकायची म्हणतोय. पर घेनार कोन तिला? चावती."

"कुणाला चावली?"

"तुझ्या सासूला. सासूनं बी तिला हाणलं. बरोबरी झाली."

"वळव," डॉक्टर म्हणाले.

"मामंजी, आता पाठीवर यायचं. हळू. पाय मी धरते. उजवा डाव्यावर टाका. असं."

तो वळला. हात लावल्याबरोबर, शहाण्या घोड्यासारखा. तिनं चादरीवरून बेंबीखाली तळवा ठेवला आणि रेटला. नळी वरच्या वळणावरून घसरली, जिथं गेल्या वर्षी अडली होती तिथून, आणि म्हाताऱ्याच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. तो घोडीचंच बोलत होता. तिचा तळवा उजवीकडं सरकला आणि चादरीखाली हाताला ते लागलं. टणक, उंचवट्याचं. डॉक्टरांना पडद्यावर दिसायच्या आधी तिला कळलं. ती "आन् मग?" म्हणत राहिली, घोडी पुढं काय करते ते विचारत राहिली. पलीकडं डॉक्टर बोलायचे थांबले. नुसता नळी धुणाऱ्या पाण्याचा आवाज.

"झालं, आजोबा," शेवटी ते म्हणाले.

तेमिरकूलनं सुनेकडं बघितलं.

"झालं?"

"झालं, मामंजी."

"एवढंच व्हतं व्हय?"

कानिशायनं कालपाक उचलून त्याच्या हातात दिला.

बिश्केकला त्याचं पोट उघडलं आणि परत शिवलं. रोग यकृतापर्यंत गेला होता. शहरातल्या डॉक्टरणीनं मागले कागद चाळले, अर्ध्यावर थांबलेल्या तपासणीपाशी आली, तिथलीच नर्स म्हणून ओळख दिलेल्या कानिशायकडं बघितलं आणि कागद मिटले. आक-केचूला शारशेन डॉक्टर म्हणाले, "तवा सापडलं असतं तरी काय झालं असतं, सांगता येत न्हाई, कानिशाय." ते खरंही असेल. तिनं मान हलवली आणि ते समाधान तिथंच त्यांच्या टेबलावर ठेवून आली. तिला माहीत होतं, वर्षाआधी अशी गाठ केवढीशी असते.

म्हातारा घरी खिडकीपाशी निजून असायचा, बाहेर घोडी दिसतील असा. एका सकाळी कानिशायनं चहा दिला, बाजूनं नव्हे, समोर बसून. त्या खोलीनंतर बाजूनं द्यायचं काही उरलं नव्हतं. उलकाननंही ते बघितलं आणि चालवून घेतलं.

"पयल्या खेपंला तू कुठं व्हतीस?" त्यानं विचारलं.

"भाईर. बाकावर."

"दार लावल्यालं?"

खोटं बोलायला जागा होती. "न्हाई, मामंजी. नुसतं लोटल्यालं."

त्यानं पेला दोन्ही हातांत धरला. बराच वेळ घोड्यांकडं बघत राहिला. मग पेला पुढं केला.

"गार झालाय. दुसरा वत."

तिनं ओतला. तो राग होता की दुसरं काही, हे तिला कळलं नाही. पुन्हा तो विषय निघाला नाही, आणि बर्फ पडायच्या आत तो गेला.

अंगणात नमद्याचा तंबू उभारला. बाया आत भिंतीकडं तोंड करून बसल्या आणि विलाप गायला लागल्या. प्रत्येकीनं आपापलं गायचं असतं, गेलेल्याचे गुण सांगत. कानिशायनं गायलं. नाव न घेता, घोड्यांचा धनी म्हणून, दोन घोडी खोगीर घालून उभी करणारा म्हणून. रस्त्यापर्यंत पोचवणारा म्हणाली आणि तिथं थांबली. पुढलं तिला गाता येईना. पुढचं जे होतं ते गायचं नव्हतंच. शेजारणीनं तिचं कडवं उचललं आणि पुढं नेलं. बाहेर मेदेर कबर खणून आला होता, चिखलानं भरलेला, आणि पाहुण्यांची घोडी बांधत होता. कुणी सांगितलं नव्हतं.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि कानिशाय कामावर आली. बोळात मेदेर वाट बघत उभा.

"एजे."

"काय रं?"

"म्या त्यास्नी लई घट धरलं व्हतं का गं?"

कितीतरी महिने त्यानं ते पोटात ठेवलेलं दिसत होतं. एवढा दांडगा गडी, हातातली टोपी पिळत होता. नाही म्हणणं सोपं होतं. तिनं बघितलं की नाही म्हटलं तर तो मोकळा होईल, आणि पुढला म्हातारा आला की तसाच धरेल.

"व्हय," ती म्हणाली. "घट धरलंस. पर कसं धरायचं ते तुला दाखवायचं माझ्याकडं व्हतं. म्या दाखवलं न्हाई."

"तू तवा म्हणालीस, एवढंच."

"म्हणाले खरं."

ती आत गेली, चड्ड्यांची घडी मोजली, चादर झटकली. बाहेर पहिला रोगी आलेला. खाणीतला ट्रकवाला, आखूड मानेचा, तोंड लालबुंद. त्याच्यामागं त्याची सून गरम कपडे घेऊन उभी. कानिशायनं तिच्या हातातनं कपडे घेतले, तिला बाकावर बसवलं आणि बोळात हाक मारली.

"मेदेर, हात धुवून आत ये. आजपास्नं तू समोर."

तो आला, जत्रेत पहिल्यांदा आखाड्यात उतरल्यागत अवघडून. शारशेन डॉक्टरांनी चष्म्यावरून दोघांकडं बघितलं आणि नळी उचलली. ट्रकवाला डाव्या कुशीवर निजला. मेदेरचे पंजे आपोआप त्याच्या मानेकडं गेले. कानिशायनं ते मनगटाला धरून बाजूला केले.

"तितं न्हाई. खांद्याला, अन् हितं हाडाला. नुसता ठिव. भार घालू नगं. आता त्यांना काहीतरी इचार."

"काय इचारू?"

"गाडी कुठली चालवतात त्ये इचार."

"गाडी कुठली, दादा?" मेदेर म्हणाला, शाळेतल्या पोरासारखा.

"कामाझ," ट्रकवाला उशीत तोंड खुपसून म्हणाला. "गियर अडकतोय सारखा."

"वळव," डॉक्टर म्हणाले.

मेदेरनं कानिशायकडं बघितलं. तिनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून माणसाला पाठीवर घेतलं.